सुरू करण्याची परवानगी आणि चालू ठेवण्याची परवानगी

१/ माणसांवर होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाचा इतिहास सांगताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. प्रयोग सुरू करण्यास परवानगी होती का? आणि ज्यांच्यावर तो झाला त्यांची संमती घेतली होती का? तिसरा प्रश्न सहसा मागे राहतो. प्रयोग दहा-दहा, वीस-वीस वर्षे चालला, तेव्हा तो चालू ठेवण्यास दरवर्षी कोणी मान्यता दिली, आणि कशाच्या आधारे? हा थ्रेड त्या तिसऱ्या प्रश्नाचा आहे. तो अलाबामापासून बार्शीपर्यंत आणि तेथून बीड जिल्ह्यातील उमापूरपर्यंत येतो.

२/ आधी नियम समजून घ्यावा. माणसांचा सहभाग असलेल्या कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची, म्हणजे रूढ भाषेत एथिक्स कमिटीची, मान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मान्यता एकदा मिळाली म्हणजे काम संपत नाही. चालू संशोधनाचा आढावा वर्षातून किमान एकदा घ्यावा लागतो. किती जण सहभागी झाले, किती जण सोडून गेले, कोणाला अपाय झाला, आराखड्यात काय बदलले, हे सारे समितीपुढे मांडून पुढील काळासाठी मान्यता घ्यायची असते. यालाच नूतनीकरण म्हणतात.

३/ नूतनीकरण हा शब्द वाहन परवान्याची किंवा दुकानाच्या नोंदणीची आठवण करून देतो, आणि व्यवहारात त्याचे स्वरूपही बरेचसे तसेच झाले आहे: अर्ज, तक्ता, सही, शिक्का. तरीही या रुक्ष कागदामागे एक खरा विचार आहे. प्रयोग सुरू झाला त्या दिवशी जे ठाऊक नव्हते, ते मधल्या काळात ठाऊक होऊ शकते. ज्या अज्ञानामुळे प्रयोग न्याय्य ठरला होता ते अज्ञानच उरले नाही, तर प्रयोगाचा नैतिक आधारही उरत नाही.

४/ एकाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दोघांची तुलना करायची, ही पद्धत मुंबईला नवी नाही. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली व उरलेल्यांशी तुलना झाली. कैद्याची ‘स्वेच्छा’ किती मोकळी असते हा वाद वेगळा. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की उत्तर काही दिवसांत मिळाले. प्रयोग इतका छोटा असेल तर नूतनीकरणाचा प्रश्नच येत नाही. तो येतो प्रयोग लांबल्यावर.

५/ लांबलेल्या प्रयोगाचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टस्कीगी. १९३२ मध्ये अलाबामा राज्याच्या मेकन परगण्यात तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांची निवड केली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला होता. उपचार न केल्यास रोग कसा वाढत जातो हे पाहायचे होते. आपल्याला नेमका कोणता आजार आहे, हे त्या पुरुषांना सांगितलेच गेले नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा उपदंशाचा प्रभावी व सर्वमान्य उपचार ठरला. प्रयोग मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला.

६/ टस्कीगीची कथा बहुतेकांना येथवर ठाऊक असते. तिच्यातील एक प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने १९६६ पासून आक्षेप घेतल्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये अटलांटा येथे तज्ज्ञांची बैठक बोलावण्यात आली. प्रयोग थांबवावा की चालू ठेवावा, हाच तिच्यापुढील विषय होता. आजच्या भाषेत ते नूतनीकरणच होते. एका सदस्याचा विरोध वगळता बैठकीचा कौल प्रयोग चालू ठेवण्याकडे गेला. स्थानिक डॉक्टरांचा पाठिंबा मिळवावा असे ठरले. ज्या पुरुषांच्या देहावर हे सारे चालले होते, त्यांना विचारावे असे ठरले नाही.

७/ म्हणजे फेरविचाराचा क्षण आला होता. टेबलाभोवती जाणकार बसले होते, आणि पेनिसिलिनची माहिती त्या खोलीतील प्रत्येकाला होती. तरीही परवानगी वाढवली गेली, कारण चर्चेच्या केंद्रस्थानी इतक्या वर्षांची माहिती वाया जाऊ न देणे हा विचार होता. चालू असलेल्या गोष्टीला स्वतःचे वजन येते. अखेर प्रयोग थांबला तो समितीमुळे नव्हे. जुलै १९७२ मध्ये पत्रकार जीन हेलर यांची बातमी प्रसिद्ध झाल्यावर थांबला. त्यानंतर १९७४ चा अमेरिकी संशोधन कायदा आणि १९७९ चा बेल्मॉण्ट अहवाल आला. १९८१ च्या नियमांनी वर्षातून किमान एकदा आढावा बंधनकारक केला.

८/ हे सारे परदेशात घडले असे म्हणून सुटका होत नाही. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील संस्थेत एक अभ्यास झाला. ज्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळले होते अशा १,१५८ स्त्रियांना त्या बदलांवर उपचार न करता निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. कोणते बदल आपोआप नाहीसे होतात आणि कोणते पुढे सरकतात, हे पाहायचे होते. अभ्यास संपला तेव्हा ७१ स्त्रियांमध्ये कर्करोग निर्माण झालेला होता. त्यांपैकी नऊ जणींमध्ये तो आजूबाजूच्या पेशीजालात शिरला होता.

९/ १९९७ मध्ये हे प्रकरण उघडकीस आल्यावर मोठा गदारोळ झाला. स्त्रियांची लेखी संमती घेतलेली नव्हती. तोंडी संमती घेतली होती व त्या काळी लेखी संमतीचा दंडक नव्हता, अशी बाजू संशोधकांनी मांडली. सौम्य बदलांचे पुढे काय होते याचे निश्चित ज्ञान सत्तरच्या दशकात नव्हते, असेही त्यांचे म्हणणे होते. हा दुसरा मुद्दा पोकळ नाही. १९७६ मध्ये तो प्रश्न खरोखर खुला असू शकतो. परंतु प्रश्न खुला असणे ही एका दिवसाची स्थिती नव्हे. १९७९ मध्ये तो तितकाच खुला होता का? १९८४ मध्ये? बारा वर्षांत एखादी स्त्री एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना दिसत असताना ‘अजून पाहू’ हे उत्तर किती वेळा ग्राह्य धरायचे?

१०/ परिषदेचे पहिले नैतिक धोरण १९८० चे आहे. न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामातून सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये आली. त्याच वर्षी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीही नैतिक तत्त्वे प्रसिद्ध झाली. पुढे परिषदेच्या तत्त्वांची सुधारित आवृत्ती २००६ मध्ये आणि त्यानंतरची २०१७ मध्ये आली. औषध चाचण्यांसाठी २०१९ चे नवे नियम लागू झाले व समित्यांची नोंदणी सक्तीची राहिली. नियमांची ही साखळी एखाद्या सुबुद्ध क्षणी निर्माण झाली नाही. तिची प्रत्येक कडी कुठल्यातरी जखमेनंतर जोडली गेली आहे.

११/ आता मराठवाड्याकडे. बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. खेड्यांतील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती व तो किती उशिरा उघडकीस येतो, हे त्या नोंदींतून दिसू लागले. या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक भव्य अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. निधी गेट्स फाउंडेशनचा होता.

१२/ ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात समाविष्ट झाल्या. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले गेले. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नजरेने तपासणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणी नव्हती. त्यांना त्या भागात नेहमी जी सेवा मिळत असे तीच मिळणार होती, आणि त्या नेहमीच्या सेवेत अशा तपासणीला स्थानच नव्हते.

१३/ २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने मृत्यू पावल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. रोग पुढच्या अवस्थेत पोचल्यावरच सापडला अशा स्त्रिया पहिल्या गटात ३९ होत्या, दुसऱ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेली चाचणीही जीव वाचवते, हे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देते, त्यामागील पुराव्यात या जिल्ह्यातील स्त्रियांचा मोठा वाटा आहे.

१४/ मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाचा असाच अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा निधी होता. तपासणीच्या गटात ७५,३६० आणि तुलनेच्या गटात ७६,१७८ स्त्रिया. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला. त्या निष्कर्षाचे जगभर कौतुक झाले.

१५/ त्याच सुमारास आक्षेपही उभे राहिले. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगुल या तीन अभ्यासांचा हिशेब मांडला. तपासणी न झालेल्या गटांतील १,३८,६२४ स्त्रियांपैकी किमान २५४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू पावल्या होत्या. अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयानेही मुंबईच्या अभ्यासातील संमतीप्रक्रियेत त्रुटी दाखवल्या. उपलब्ध पर्यायांची पुरेशी माहिती स्त्रियांना दिली गेली नव्हती, हा त्यांतील मुख्य मुद्दा होता.

१६/ संशोधकांची बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. ग्रामीण भारतात तपासणीची सोयच नव्हती. प्रयोगाने कोणाचे काही काढून घेतले नाही. उलट लाखो स्त्रियांना प्रथमच तपासणी मिळाली. श्रीमंत देशांची पेशीतपासणी प्रयोगशाळांवर व तज्ज्ञांवर अवलंबून असते, ती इथे कितपत चालेल हा प्रश्न खरा होता. शिवाय मृत्यूंतील फरक दिसायला वर्षे जावी लागतात. मध्येच प्रयोग सोडला असता तर ना पुरावा मिळाला असता, ना धोरण बदलले असते.

१७/ हा युक्तिवाद १९९९ साली प्रयोग का सुरू झाला याचे उत्तर देतो. २००३, २००५ किंवा २००७ साली तो त्याच स्वरूपात का चालू ठेवावा, याचे उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. रोग कोणत्या अवस्थेत सापडला याची आकडेवारी स्वाभाविकपणे मृत्यूंच्या आकडेवारीआधी हाती येते. ज्या गटात रोग उशिरा सापडत आहे तेथे पुढे मृत्यू अधिक होणार, हे कळण्यास मृत्यूंची मोजदाद पूर्ण होण्याची वाट पाहावी लागते का? विज्ञानाच्या काटेकोर दृष्टीने कदाचित लागेल. पण ती वाट कोणाच्या आयुष्यातून पाहायची, हा प्रश्न विज्ञानाचा नाही. तो विचारण्यासाठीच वार्षिक फेरविचार असतो.

१८/ नूतनीकरणाला विरोध करणाऱ्यांचेही म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. रक्ताचा एक नमुना किंवा एक प्रश्नावली एवढ्यावर भागणाऱ्या अभ्यासांना दरवर्षी तोच गठ्ठा भरावा लागतो. समितीच्या बैठका लांबतात. धोकादायक चाचणी आणि निरुपद्रवी सर्वेक्षण यांच्यावर सारखाच वेळ खर्च होतो. म्हणूनच अमेरिकेने २०१९ पासून लागू केलेल्या सुधारित नियमांत अत्यल्प जोखमीच्या बहुतेक अभ्यासांना वार्षिक आढाव्यातून मोकळे केले. हा बदल योग्यच होता. कागद सर्वत्र सारखा जड ठेवला की खरे वजन कुठे आहे ते दिसेनासे होते.

१९/ परंतु ‘अत्यल्प जोखीम’ ठरवायची कोणी? त्यासाठी बीड जिल्ह्याकडे पाहावे. समजा, गेवराई तालुक्यातील उमापुरात स्त्रियांच्या आरोग्याचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू झाला. दरवर्षी मुलाखत, रक्त, एक शारीरिक तपासणी. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. कागदावर जोखीम जवळजवळ शून्य. समिती मुंबईत किंवा पुण्यात बसते आणि पहिल्या वर्षी आनंदाने मान्यता देते.

२०/ बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वार्षिक मुलाखत जानेवारीत ठरली तर त्या स्त्रिया गावात नसतील. अहवालात ‘संपर्क होऊ शकला नाही’ अशी नोंद होईल. सर्वांत जास्त कष्ट करणाऱ्या, सर्वांत जास्त आजार अंगावर काढणाऱ्या स्त्रिया आकडेवारीतून गळतील. ‘किती जण सोडून गेले’ या रकान्यात त्या एक संख्या होतील. त्या का दिसत नाहीत, असे कोणीतरी विचारले तर ती संख्या बोलू लागेल. न विचारताही सही होऊ शकते.

२१/ या जिल्ह्यातील स्त्रियांच्या देहाशी संबंधित प्रश्न किती नाजूक आहेत, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ते संशोधन नव्हते, उपचाराच्या नावाखाली घडलेले वास्तव होते. पण त्यानंतर उमापुरातील एखाद्या स्त्रीला ‘पिशवी कधी काढली?’ असे विचारणे आणि २०१८ मध्ये तेच विचारणे एकसारखे उरले नाही. प्रश्नावली तीच, जोखीम बदललेली. उत्तर कोणाच्या हाती पडते, मुकादमाला कळते का, कुटुंबात त्याचे काय होते, हे सारे नव्याने तपासावे लागते.

२२/ संमतीचेही तसेच. पहिल्या वर्षी दिलेला अंगठा दहाव्या वर्षाची संमती होऊ शकत नाही. मधल्या काळात ती स्त्री आजारी पडलेली असते, विधवा झालेली असते, एखादी मुलगी शिकून आईला तो कागद वाचून दाखवण्याइतकी मोठी झालेली असते. अभ्यासातून नवे काही कळले असेल तर ते तिला सांगून, पुन्हा विचारून, तिच्या नकाराला जागा ठेवून पुढे जावे लागते. ‘आधी हो म्हणाल्या होत्या ना’ हे वाक्य सावकाराच्या तोंडी शोभते, संशोधकाच्या नाही.

२३/ मग करायचे काय? खरोखर किरकोळ अभ्यासांचा कागद हलका करावा आणि वाचलेला वेळ लांबलेल्या, तुलनागट असलेल्या, दुर्बळांवर अवलंबून असलेल्या अभ्यासांना द्यावा. तेथे नूतनीकरणाच्या अर्जात पहिलाच प्रश्न असा असावा: आज हा अभ्यास नव्याने सुरू करायचा असता, तर आज ठाऊक असलेल्या गोष्टी धरून तो याच स्वरूपात सुरू केला असता का? उत्तर नकारार्थी असेल तर चालू ठेवण्याचे समर्थन संशोधकाने स्वतंत्रपणे द्यावे.

२४/ समितीच्या रचनेत सात ते पंधरा सदस्य, संस्थेबाहेरचा अध्यक्ष, कायदा व समाजशास्त्र जाणणारे आणि सामान्य जनतेतील एक व्यक्ती असावी असे तत्त्वेच सांगतात. ती सामान्य व्यक्ती नूतनीकरणाच्या बैठकीत केवळ गणसंख्येसाठी बसू नये. अभ्यास ऊसतोड गावात असेल तर भेटी आणि फेरसंमती पट्टा पडल्यानंतरच्या महिन्यांत ठेवाव्यात. वर्षभरात काय आढळले त्याचा सोप्या मराठीतील गोषवारा गावात वाचून दाखवावा, आणि लोकांनी त्यावर जे विचारले ते समितीपुढे जावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या नियमाचा अर्थ पाळावा लागतो.

२५/ अभ्यासाची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर काम थांबते. थांबल्याने सहभागी व्यक्तीलाच अपाय होणार असेल तेवढाच अपवाद. अनेक संशोधकांना हा नियम जाच वाटतो. टस्कीगीतील पुरुषांना असा एखादा जाच चाळीस वर्षांत एकदा जरी लाभला असता, तर त्यांच्यापैकी काहींना पेनिसिलिन मिळाले असते.

२६/ इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही दीर्घ अभ्यासाचा गौरवग्रंथ किंवा निषेधपत्र वाचताना त्याच्या पहिल्या वर्षाची परवानगी तर पाहावीच, पण मधल्या वर्षांच्या इतिवृत्तांचीही मागणी करावी. कोण बैठकीला होते, समोर कोणते आकडे होते, कोणी आक्षेप घेतला आणि तो कसा नोंदवला गेला? धाराशिवमधील त्या ३१,४८८ स्त्रियांचे ऋण वैद्यकशास्त्रावर आहे. त्यांच्याविषयी दरवर्षी काय विचारले गेले, हे सार्वजनिक अभिलेखात असणे ही त्या ऋणाची किमान परतफेड आहे. उमापुरात किंवा अन्यत्र पुढचा दीर्घ अभ्यास सुरू होईल, तेव्हा ते इतिवृत्त पहिल्या दिवसापासून जपले जावे.